सर्जेरावाचा मदतनीस

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. आणि ठेवलात, तर तुमच्याबद्दल माझं मत वाईट होईल.

अशी सुरुवात मी केली तेव्हा सर्जेरावाच्या वर्षश्राद्धाची जेवणं नुकतीच उरकली होती. अंगणात सतरंजी टाकलेली, आणि तिच्यावर वडणूरच्या तालमीतली मंडळी पान चघळत पसरलेली. दिनू वस्ताद भिंतीला टेकून बसला होता, तो लगेच म्हणाला, “चाचा, मागल्या जत्रेत तुम्ही सांगितलं, तुमच्या कर्ण्याच्या आवाजानं नदीपल्याडच्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या. ते आम्ही मानलंच की!”

“ते खरंच होतं. म्हशींना विचार जा.”

सगळे हसले. पायरीवर बसलेला रणजित तेवढा हसला नाही.

रणजित म्हणजे सर्जेरावाचा थोरला मुलगा. कॅनडात असतो. बाप गेल्यावर आज पहिल्यांदा आला होता. विधी सगळे नीट केले, पण बहिणीच्या, पद्मजाच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. सकाळी गुरुजींसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “आबा गेले नाहीत. त्यांना पाठवलं.” पद्मजा तेव्हा आत पंगतीची ताटं पुसत होती. तिचा हात थांबला नाही, पण एकच ताट ती पुसत राहिली.

तेव्हा मी ही गोष्ट सतरंजीवरच्यांना सांगत होतो, पण कुणासाठी, ते तुम्हाला कळलं असेल.

माझं नाव बाबालाल नदाफ. ‘नदाफ साउंड सर्व्हिस’ ही पाटी ज्यांनी वाचली नाही त्यांनी या भागात कुस्तीचं मैदानच बघितलं नाही. कर्णे माझे, तारा माझ्या, आणि माइकवर सर्जेराव खोत. आता कुस्तीच्या गादीखाली सेन्सर असतात, गुण कॅमेरा देतो आणि निवेदनही यंत्रच करतं, तेही न चुकता. सर्जेराव चुकायचा, पण त्याचं चुकणं ऐकायला लोक लांबून यायचे. एकदा त्यानं घाईघाईत निकालच आधी सांगून टाकला, अमका चितपट म्हणून. तो पैलवान उभा होता, वर होता, जिंकत होता. त्यानं कर्ण्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं पाठीवर जाऊन पडला. नंतर म्हणाला, एवढ्या मोठ्या आवाजात सांगितल्यावर नाही कसं म्हणायचं?

“चाचा, मुद्द्यावर या,” कुणीतरी म्हणालं.

मुद्दा हाच आहे लेका. तो आवाज गेला.

आधी जीभ जड झाली. माइकवर ‘धोबीपछाड’ म्हणताना अर्धा शब्द तोंडातच राहायला लागला. लोकांना वाटलं, खोत घेऊन आले. मग हातातून माइक निसटायला लागला. मज्जातंतूंचा रोग, डॉक्टर म्हणाले. मेंदूपासून स्नायूंपर्यंत जाणाऱ्या वाटा एकेक करून बुजत जातात. मान गेली, गिळणं गेलं, मग श्वास गेला. गळ्याला भोक पाडून नळी घातली, नळीला यंत्र लावलं. काही काळ पापण्यांनी हो-नाही सांगायचा. पुढे पापण्यांनीही हात टेकले. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, “आत सगळं जागं आहे. ऐकू येतंय, समजतंय.” त्यांना वाटलं, आपण धीर देतोय.

पद्मजा पुण्यात औषधांच्या कंपनीत होती. सगळं गुंडाळून ती वडणूरला आली. आणि पापण्या चालू होत्या तेव्हाच, त्याला विचारून, तिनं त्याच्या डोक्यात ती जाळी बसवून घेतली होती.

आता जाळी म्हणजे काय ते नीट ऐका, नाहीतर पुढं म्हणाल चाचानं फेकली. माणूस बोलतो तेव्हा मेंदू हुकूम सोडतो. जिभे, तू वर जा. ओठांनो, मिटा. घशा, हवा सोड. सर्जेरावाच्या मेंदूतून हे हुकूम सुटत होते, पण खाली पोचत नव्हते. डॉक्टरांनी काय केलं, कवटीच्या आत, बोलण्याचे हुकूम जिथं तयार होतात बरोबर तिथं, कोळिष्टकासारखी बारीक तारेची जाळी अंथरली. हुकूम निघाला की ती तिथल्या तिथं पकडणार. घरी कॉम्प्युटरवर ‘मनबोली’ नावाचं एक्स्टेंशन. ते त्या हुकुमांचे शब्द करणार, आणि ते शब्द सर्जेरावाच्याच जुन्या आवाजात स्पीकरवर म्हणणार. मैदानांची रेकॉर्डिंगं माझ्याकडे ढिगानं पडलेली होती, ती पद्मजानं त्या कंपनीला आधीच दिली होती.

“म्हणजे मुकं माणूस मनातल्या मनात बोललं, की स्पीकर बोलणार?” दिनूनं विचारलं.

“बोलणार. पण मदतनीस बसला तर.”

एक्स्टेंशन म्हणजे घरी आलेला पाहुणा. त्याला सोप्यात बसवायचं, चहा द्यायचा, पण त्यानं उठून माजघरात शिरायचं नाही. कॉम्प्युटर त्याला आतल्या कुठल्याही तारेला हात लावू देत नाही, चोरीचं भय असतं. मग जाळीतून आलेला निरोप त्याच्यापर्यंत आणणार कोण? त्यासाठी घरातलाच एक माणूस लागतो, जो माजघरातही जाईल आणि सोप्यातही येईल. तो मदतनीस. एवढासा प्रोग्राम. त्याला खिडकी नसते, चित्र नसतं, तो आहे हे कुणाला कळतही नाही. नसला की मात्र कळतं.

पद्मजाचा फोन आला. “चाचा, जरा येऊन जा. सगळं जोडलंय, पण एकच वाक्य येतंय.”

गेलो. कॉम्प्युटर सोप्यात, टेबलावर, वायर भिंतीतल्या प्लगात, त्याच्या कपाळावर हळदकुंकू. पडद्यावर लिहिलेलं: ‘मदतनीस बसवता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

जगातल्या सगळ्या यंत्रांवरचा पहिला इलाज मी केला. बंद करून चालू केलं. तेच वाक्य. एक्स्टेंशन उपटलं, पुन्हा लावलं. तेच. व्हायरसचा पहारेकरी थोडा वेळ झोपवला, म्हटलं तोच दारात अडवत असेल. तेच. डिस्कवर जागा नसेल म्हणून कुणाकुणाच्या लग्नांचे व्हिडिओ उडवले. त्यातली काही लग्नं नंतर मोडली, पण त्यात माझा हात नाही. तार बदलली. जाळीचा निरोप घेणारी डबी उशाखालून काढून उशाशी ठेवली. पद्मजानं उदबत्ती लावली. कुंकू मी पुसलं नाही. म्हटलं, मदतनीस कुठल्या धर्माचा आहे आपल्याला काय माहीत.

‘मदतनीस बसवता आला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

आतल्या खोलीतून श्वासाच्या यंत्राचा आवाज येत होता. फुस्, थांब, फुस्. पद्मजा दारात उभी राहून बापाला सांगत होती, “होतंय हं आबा. चाचा आलेत. आता होईल.”

शेवटी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडून एका गोड बाईचा आवाज आला, जी बाई नव्हती.

“नमस्कार, मी सखी. आपली अडचण सांगा.”

“मदतनीस बसत नाही.”

“तपासते. मालकाची मौखिक संमती बाकी आहे. कृपया मालकांकडे फोन द्या.”

“मालकांना बोलता येत नाही, बाई. म्हणून तर तुमचं यंत्र घेतलं.”

“समजलं. मालकांना बोलता येत नसल्यास त्यांनी मनबोलीच्या साहाय्यानं संमती द्यावी.”

“मनबोली मदतनिसाशिवाय चालत नाही.”

“बरोबर. आणि मदतनीस संमतीशिवाय बसत नाही. आणखी काही मदत हवी आहे का?”

पद्मजाला हसू आलं. पुष्कळ महिन्यांनी मी तिला हसताना बघितलं. मग त्या बाईनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आणि ते हसू गेलं.

कायदा चांगला होता, त्याला नावं ठेवत नाही मी. जाळ्या नव्या आल्या तेव्हा लोकांनी काय काय केलं! झोपलेल्या म्हाताऱ्याच्या मनातून सोनं कुठं पुरलंय ते काढायला बघितलं. नवऱ्याच्या मनात कोण आहे, सासूच्या मनात काय आहे. म्हणून सरकारनं नियम केला: मनाच्या मालकानं स्वतःच्या तोंडानं, जिवंत आवाजात हो म्हटल्याशिवाय कुणाचं मन उघडायचं नाही. आजाऱ्यांसाठी सवलत होती. जाळीची नोंद दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल, तर तो पालक धरला जातो, आणि त्याच्या आवाजावर काम भागतं.

मी पद्मजाला विचारलं, “नोंद कुणाच्या नावावर केलीस?”

ती म्हणाली, “आबांच्या.”

आता यात तिचं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. आपल्यात घरात नवीन वस्तू आली की नाव कुणाचं लागतं? लाइट बिल आबांच्या नावावर, गॅस आबांच्या नावावर, रणजितच्या पहिल्या मोटारसायकलच्या टाकीवरसुद्धा ‘आबांची कृपा’ आणि कागदावर आबांचंच नाव. ती म्हणाली, “आबा जिवंत असताना माझं नाव कसं घालू, चाचा? लोक म्हणतील, बाप आजारी पडला आणि पोरगी एकेक वस्तू नावावर करून घ्यायला लागली. दादानंही फोनवर तेच सांगितलं. म्हणाला, जे काय घेशील ते आबांच्या नावावर घे.”

मी हे सांगितलं तेव्हा पायरीवर रणजितनं मान वर केली.

“मग नाव बदलायचं की!” दिनू म्हणाला.

नाव बदलायला मालकाची संमती. मालकाच्या आवाजात. नवीन जाळी बसवावी तर जुनी काढायला डोकं उघडायला हवं, आणि डॉक्टर म्हणाले ते आता हृदय सोसणार नाही. जाळी आयुष्यात एकदाच, एकाच नावाशी बांधली जाते. लग्नासारखी. नाही, लग्न सुटतं.

जिल्ह्याला संमती कक्ष होता. पद्मजा आणि मी दोघं गेलो. साहेब माणूस वाईट नव्हता, पाणी विचारलं.

“ताई, मालक तुम्ही असता, तर इथल्या इथं करून दिलं असतं.”

“आता करा ना साहेब. मी मुलगी आहे त्यांची.”

“आता मालक ते आहेत. आणि जो रुग्ण स्वतः मालक आहे, तो नियमानं सक्षम समजला जातो.”

“त्यांना पापणी हलवता येत नाही!”

“तसा दाखला आणा की मग.”

“डॉक्टर देतील?”

“देतील. रुग्णाची संमती घेऊन.” हे बोलल्यावर साहेबालाच स्वतःचं बोलणं ऐकू आलं असावं, कारण त्यानं आम्हाला पुन्हा एकदा पाणी विचारलं.

परत येताना एसटीत पद्मजा खिडकीला डोकं टेकून बसली होती. वाठारच्या पुढं आल्यावर म्हणाली, “चाचा, मला गप्पा नकोत. मला त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे.”

मला माहीत होती ती. छातीत पाणी भरून सर्जेराव पुन्हा पुन्हा दवाखान्यात जात होता. दर वेळी त्याला ओढून परत आणायचे, आणि दर वेळी तो आधीपेक्षा कमी परत यायचा. डॉक्टरांनी पद्मजाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता पुढच्या वेळी ओढून आणायचं की यंत्र काढून शांतपणे जाऊ द्यायचं, ते ठरवा. कायद्यात दोन्ही बसतं. पण पेशंटला स्वतःला काय हवंय, ते बघा.

“त्यांना काय हवंय, हे मला माहीत असतं तर!” ती म्हणाली. “त्यांना जगायचं असेल आणि मी नळी काढली, तर? आणि त्यांना सुटायचं असेल, आत ओरडत असतील, आणि मी रोज सकाळी तोंड पुसून, गुड मॉर्निंग आबा म्हणून त्यांना आणखी एक दिवस कोंडून ठेवत असेन, तर? सांगा ना चाचा.”

मी मैदानात भल्याभल्यांना गप्प केलंय. तिला मी बाहेर धावणारा ऊस दाखवत बसलो. म्हटलं, यंदा तुरे लवकर आले.

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या धंद्यातलं आहे, त्यात मोठेपणा नाही. सर्जेराव मैदानात मधेच पाणी प्यायला उठायचा. माइक मोकळा सोडला तर पब्लिक उठतं. मग मी माइक घ्यायचो आणि त्याच्या आवाजात चालू ठेवायचो. खोतांच्या वहिनी, हयात होत्या तेव्हा, एकदा फोनवर मला सर्जा समजून इतकं बोलल्या की मीच माफी मागितली. तर मी कॉम्प्युटरसमोर बसलो, घसा साफ केला, आणि म्हणालो, “मी सर्जेराव बळवंत खोत, माझ्या राजीखुशीनं संमती देतो.”

यंत्रानं मला तपासायला शब्द दिले, रेकॉर्डिंग लावून कुणी फसवू नये म्हणून. हिरवी कैरी. तुटकी पायरी. वळवाचा वारा. मी म्हटले. पडद्यावर आलं: ‘आवाज जुळला.’

“बाबौ!” दिनू म्हणाला. अंगणातली मंडळी पुढं सरकून बसली.

जुळणारच. पण पुढं आणखी एक पायरी होती. ‘आता मालकांनी हेच शब्द मनात बोलावेत. तोंडचा आवाज आणि मेंदूचा हुकूम एकाच वेळी आल्यास संमती पूर्ण होईल.’ मदतनीस आत पाय टाकायच्या आधी उंबऱ्यावरूनच एवढं तपासून घेतो. माणूस शहाणा असतो तसा कायदा शहाणा होता; बोलणारं तोंड आणि हुकूम सोडणारं डोकं एकाच धडावर आहे का, हे बघत होता.

मी आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडलो, “सर्जा, लेका, माझ्याबरोबर म्हण! हिरवी कैरी!”

‘मेळ बसला नाही. पुन्हा प्रयत्न करा.’

पद्मजानं त्याच्या कानाशी बसून माझ्याबरोबर टाळी वाजवली, म्हणजे त्याला ताल कळावा. बसला नाही. हळू म्हटलं, भरभर म्हटलं. मैदानात तो पैलवानाच्या डावामागून बोलायचा, म्हणून मी मुद्दाम आधी म्हणून बघितलं, मग मुद्दाम नंतर म्हणून बघितलं. दिवसांमागून दिवस आम्ही दोघं त्या मुक्या माणसाच्या भोवती कैरी, पायरी, वारा असं ओरडत होतो. गल्लीतली बाई विचारायला आली, शाळा काढली का म्हणून.

मग एकदा पद्मजानं टाळी थांबवली. म्हणाली, “चाचा, आबा म्हणतच नसतील तर?”

“म्हणजे?”

“ऐकू येतंय त्यांना. समजतंय. त्यांनी ठरवूनच तोंड मिटलं असेल तर? त्यांना नकोच असेल कुणी त्यांच्या मनात शिरलेलं.”

फुस्, थांब, फुस्. आम्ही दोघंही त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. त्या चेहऱ्यावर हो नव्हतं आणि नाहीही नव्हतं. उशीवर ठेवलेला चेहरा होता नुसता.

तेवढ्यात अंगणात पायरीवरून रणजित बोलला, सकाळनंतर पहिल्यांदाच. “मग बसलाच नाही म्हणा ना तुमचा मदतनीस.”

“बसला!” मी म्हटलं. “ऐक की बाबा. म्हणून तर म्हटलं, कुणी विश्वास ठेवणार नाही.”

पुन्हा ताप चढला होता. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळी येतो, काय ते सांगा. दुपारी मी पद्मजाला म्हटलं, “तू आत जा. आबांचा हात हातात घे आणि बसून राहा, टाळी नको, काही नको. दार लावून घे, मला इकडं यंत्राचा आवाज नको आहे. मी आज बसवतो त्याला.” कंपनीचा स्पीकर म्हणजे डासाचं नरडं, म्हणून माझा जुना बॅटरीवरचा स्पीकर मी सर्जाच्या उशाशी ठेवला आणि तार दाराखालून सोप्यात आणली.

“आणि?” दिनू.

“आणि म्हटलं, सर्जा, मैदान तुझं आहे. हिरवी कैरी. तुटकी पायरी. वळवाचा वारा. पडद्यावर हिरवी खूण! मदतनीस बसला.”

“असा कसा एकदम बसला?” रणजितनं विचारलं. “त्याची कुठं नोंद असेल.”

“कंपनी बुडाली रे. तिच्याबरोबर नोंदी गेल्या, ती सखी पण गेली. बसला, एवढं मला माहीत.”

पद्मजा चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडं बघून म्हटलं, “तूच सांग पद्मा, काय विचारलंस.”

ती हळू म्हणाली, “मी म्हटलं, आबा, काय करू?”

“आणि आबा काय म्हणाले?”

“तुम्ही सांगा चाचा. तुम्ही सांगता तसं मला नाही सांगता येत.”

मी सांगितलं. सर्जाच्या आवाजातच सांगितलं, दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगणार? “पद्मा, बाळ, रडू नकोस. कुस्ती लई लांबली. पब्लिक दमलं, पैलवान दमला. आता ही बरोबरीत सोडवू नका. लागू दे निकाल. मी पाठ टेकतो. माझ्या पोरीनं माझी लई सेवा केली, हे सगळ्या मैदानाला सांगा. आणि रणजितला म्हणावं, बाप पडला नाही, बापानं कुस्ती सोडली.”

तालमीतली दांडगी माणसं, पण एकानं तोंडावर टॉवेल घेतला. दिनूनं पान थुंकायच्या निमित्तानं उठून पाठ वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, पद्मजानं सही केली, आणि यंत्र काढल्यावर सर्जेराव खोत आपल्या घरी, आपल्या खोलीत, लेकीचा हात धरून गेला. वर्षभर ती पोरगी त्या चार वाक्यांवर जगली. लोक काय काय म्हणाले तिला, तिनं उलटून शब्द दिला नाही. एवढंच म्हणायची, आबा मला स्वतः म्हणाले.

रणजित पायरीवरून उठला. बहिणीजवळ गेला, ट्रेमधला कप उचलला, आणि तिथंच उभ्यानं एक घोट घेतला. म्हणाला, “मला का नाही सांगितलंस, माझं नाव घेतलं म्हणून?”

“सांगितलं होतं दादा. तू फोन ठेवलास.”

तो म्हणाला, “आवाज... आवाज तसाच होता?”

“अगदी तसाच,” ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर जे समाधान आलं ते मी तिच्या लहानपणानंतर बघितलं नव्हतं.

मला भरून आलं. मी म्हटलं, “तसाच म्हणजे? अरे, आवाजातला खरखरीतपणासुद्धा! एकेक शब्द मोत्यासारखा. आणि शांतता तरी कसली होती! पलीकडची पिठाची गिरणी गप्प, देवळातला भोंगा गप्प, माझ्या डोक्यावरचा पंखा जागच्या जागी. दुपारपासून सगळ्या वडणूरची लाइट गेलेली. आतल्या खोलीला तेवढा श्वासाच्या यंत्रासाठी इन्व्हर्टर, त्यामुळं हिला पत्ताच नाही; आणि मी इकडं सोप्यात घामानं निथळतोय, सदरा पिळून काढावा असा! ती शांतता होती म्हणून तर प्रत्येक शब्द...”

पद्मजानं ट्रे उंबऱ्यावर ठेवला.

“चाचा,” पद्मजा म्हणाली, “सोप्यात लाइट नव्हती, तर कॉम्प्युटर कशावर चालला?”